सुक्या पाल्याची चौदा पोती

इंदूरात राहून घरी खत कशाला बनवतेस, हा प्रश्न मला ज्याने त्याने विचारलाय. नातेवाईकांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्यांनी, सगळ्यांनी. आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण आमच्या गल्लीत रोज सकाळी गाडी येते, ओला वेगळा सुका वेगळा नेते, आणि ओल्या कचऱ्याचा पुढे देवगुराडियाला गॅस बनतो, २०२२ पासून तिथे रोज ५५० टन ओला कचरा पचवेल एवढा मोठा प्लांट आहे, त्या गॅसवर शहरातल्या बसेस चालतात. मग आपल्या घरी कशाला ती घाण साठवायची? तर मला कचऱ्याची अडचण कधी नव्हतीच, मला माती हवी होती. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमचं घर राजेंद्र नगरात, जुनं, पुढे ओटला आणि मागे साधारण बारा बाय वीस फुटांचं परसदार. मागची खोली बांधली तेव्हाचा सगळा मलबा तिथेच दाबलेला, त्यावर एक ट्रॉली काळी माती आणून टाकलेली. माळव्याची काळी माती, शेतात सोनं आहे ती, गहू-सोयाबीन बघा कसं येतं, पण आमच्या त्या तुकड्यात नुसती कोरडी माती, पोटात काहीच नाही. मे महिन्यात अशा भेगा पडायच्या की बोट आत जाईल आणि पावसाळ्यात तीच माती चपलेला डांबरासारखी चिकटायची, पाणी वर तळं करून उभं राहायचं आणि टमाट्याची मुळं सडायची. दोन वर्षं मी नर्सरीतून शेणखताची पोती आणली, एका पोत्यात अर्धी वाळू निघाली, दुसऱ्यातून इतकं गाजरगवत उगवलं की ते उपटण्यातच पावसाळा गेला. सासूबाईंना, म्हणजे आम्ही आईच म्हणतो, घरची मेथी आणि घरची वांगी हवी असायची, बिना औषधाची. त्या एकदा म्हणाल्या, अगं मातीला जेवायला काही घालत नाहीस आणि तिच्याकडून मागतेस काय. तेव्हापासून डोक्यात बसलं.

पहिला प्रयोग जूनमध्ये केला, तीच पहिली चूक. पेंटची वीस लिटरची रिकामी बादली होती, तिला ह्यांनी खालून चार भोकं पाडून दिली, झाकण लावलं आणि रोज स्वयंपाकघरातला कचरा त्यात टाकायला लागले. आंब्याचे दिवस, त्यामुळे साली आणि कोयी भरपूर, कलिंगडाची सालं, भाजीची देठं, आणि उरलेला वरणभात पण मी त्यातच घालत होते, मला वाटलं सगळं सडणारंच तर आहे. सात-आठ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर जो वास आला तो मी लिहू शकत नाही, नासकं अंडं आणि गटार एकत्र. खाली काळं पाणी साचलेलं, वर पांढऱ्या-करड्या आळ्या वळवळतायत, आणि त्याच दिवशी पाऊस. शेजारच्या भाभी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, भाभीजी आपके यहाँ कुछ मर गया है क्या. मला इतकं वाईट वाटलं ना. ह्यांनी आणि मी रात्री टॉर्च लावून परसदाराच्या कोपऱ्यात खड्डा खणला, सगळं त्यात ओतलं, वर हातभर माती टाकली. आई काही बोलल्या नाहीत, फक्त सगळीकडे दोनदा फिनाइल टाकलं.

आता कळतं की काय झालं होतं. फळांची सालं, भाजी, हे सगळं बहुतेक पाणीच असतं. ते एकावर एक दाबलं की मधली हवा संपते, आणि हवा संपली की जे जिवाणू हवेवर जगतात ते मरतात आणि बिना हवेचे वाढतात, वास मारणारे ते. म्हणजे माझ्या बादलीत खत होत नव्हतं, नुसतं नासत होतं. कुजणं आणि नासणं ह्यात एवढाच फरक आहे, हवेचा, पण तो मला कोणी सांगितला नव्हता, आणि जे सांगत होते ते फक्त म्हणत होते की कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची विकतची पावडर, टाका.

मग कल्चर पण टाकलं. दिवाळीनंतर एक तयार किट मागवलं, तीन मडकी एकावर एक, सोबत पावडर आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या शेंडीच्या भुशाच्या, विटा. खरं सांगते, त्यात खत झालं. थोडं झालं, पण झालं, वास नाही, आळ्या नाहीत. फक्त दर महिन्याला कोकोपीट आणि पावडर विकत घ्यायची. आणि एकदा मार्चमध्ये मी गेटवर उभी होते, कोकोपीटचं पार्सल हातात, आणि समोर झाडूवाल्या दीदी कडुनिंबाचा पाला झाडून ढीगच्या ढीग पोत्यात भरत होत्या. दक्षिणेतल्या नारळाची शेंडी ट्रकने माळव्यात येतेय आणि माझ्या दारातला पाला ट्रकने बाहेर जातोय. त्या दिवशी मी कोकोपीट मागवणं बंद केलं.

त्याच सुमारास सकाळी फिरताना एक काका भेटायचे, कृषी महाविद्यालयातून रिटायर झालेले. मी त्यांना माझी बादलीची गोष्ट सांगितली तर ते थांबलेच रस्त्यात. म्हणाले, तू इंदूरची, आणि तुला कंपोस्ट मडक्याच्या कंपनीकडून शिकायला लागलं? जगात ज्याला इंदूर पद्धत म्हणतात ती ह्याच गावातली आहे! मला खरंच माहीत नव्हतं. जन्म इथला, शाळा इथली, महाविद्यालयाच्या त्या फाटकासमोरून हजार वेळा गेलेली मी. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर त्यांनी संस्था उभी केली, आजचं कृषी महाविद्यालय तिथेच आहे. त्यांची बायको गॅब्रिएल, त्या पण वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघं मिळून काम करायचे. आणि खताच्या कामात त्यांच्याबरोबर होते यशवंत वाड, आपले मराठी आडनावाचे, १९३१ साली खतावरचं जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावं आहेत. पुढे १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा तेही ते खताचं काम बघून गेले. मला वाड हे नाव ऐकून काय वाटलं ते सांगता येत नाही, हॉवर्डसाहेबांचं नाव सगळे घेतात, वाडांचं आमच्या इंदूरच्या मराठी घरांमध्ये पण कोणाला माहीत नाही. आमच्या गणेशोत्सवात शंभर विषयांवर व्याख्यानं होतात, एक ह्यांच्यावर व्हायला हवं असं मी मंडळात बोलून पण आले.

तर पद्धत अशी की हे लोक काही बाहेरून आणत नव्हते. शेतात जे पडलंय ते, कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, पाला, आणि गोठ्यातलं शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, चुलीची राख. थर लावायचे, ओलं ठेवायचं, आणि साधारण तीन महिन्यांत तीनदा पलटायचं, की खत. पऱ्हाट्या कडक असतात, त्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायचे, बैलगाड्या जाऊन जाऊन त्यांचा चुरा व्हायचा, मग तो चुरा खताला घ्यायचा. हे काकांनी सांगितलं आणि मला एकदम उजेड पडला. शेण कमी आणि काडीकचरा जास्त! मी बरोबर उलटं करत होते. नुसतं ओलं, नुसतं ओलं, सुकं काहीच नाही.

नत्र आणि कार्बनचं गणित असतं, एका भागाला पंचवीस-तीस भाग, ते काकांनी समजावलं, पण स्वयंपाकघरात काटा घेऊन कोण बसणार. मी जे धरलं ते असं: एक तांब्या ओला कचरा तर दोन ते तीन तांबे सुका पाला, वजनाने नाही, आकाराने. बस. इतक्या वर्षांत ह्याच्या पलीकडे मला कशाची गरज पडली नाही.

कबाड्याकडून दोन निळे ड्रम घेतले, दोनशे लिटरवाले. घेताना आत काय होतं ते विचारून घ्या, केमिकलचे असतात पुष्कळ, मी लोणच्याच्या कारखान्यातला व्हिनेगरचा घेतला, दुसरा कसलासा सरबताच्या सिरपचा. सुताराकडून ड्रिलने चारही बाजूंनी भोकं पाडून घेतली, वीतभर अंतरावर, आणि बुडाला पण वीस-पंचवीस. आतून मच्छरदाणीची जुनी जाळी लावली. विटांवर ठेवले म्हणजे खालून हवा जाईल. आणि भाभींच्या भिंतीपासून लांब, हे आधी करायला हवं होतं. बुडाशी नारळाच्या शेंड्या आणि काड्या टाकल्या वीतभर, त्यावर पाला, मग रोजचा कचरा बारीक चिरून आणि प्रत्येक वेळी वर पाला, कचरा दिसलाच नाही पाहिजे असा. चिरणं महत्त्वाचं आहे बरं का. फ्लॉवरचं अख्खं देठ टाकलं तर ते तीन महिन्यांनी पण तसंच हसत बाहेर येतं.

सुरुवातीला काय टाकावं तर दूधवाले भैया शेण आणून देतात, एक तगारी ताजं शेण पाण्यात कालवून मधेमधे शिंपडलं. आणि आंबट ताक. आमच्याकडे ताक रोजचंच, उरलं की ड्रममध्ये. विकतच्या पावडरीने जे होत होतं ते ह्यानेही होतं, आणि जुन्या खताची एक तगारी नव्या ड्रममध्ये टाकली की पुढे शेण पण लागत नाही, दह्याला विरजण असतं तसंच.

पहिल्यांदा ड्रम तापला तो दिवस मला आठवतो. जानेवारी होता, सकाळी चांगलीच थंडी, मी मधोमध लोखंडी सळई खोचून ठेवली होती, ती काढून हातात धरली तर चटका बसला. खुरप्याने वरचा थर बाजूला केला तर वाफ! मी आईंना हाक मारून आणलं, त्यांनी शाल सावरत हात वर धरला आणि म्हणाल्या, अगंबाई, जिवंत आहे की. स्वयंपाकघरातला थर्मामीटर घातला तर ५४ आला. मोठ्या ढिगात ६०-६५ पर्यंत जातं म्हणे, त्याला साधारण मीटरभर लांब-रुंद-उंच ढीग लागतो, म्हणजे मधली उष्णता बाहेर पळत नाही. ड्रममध्ये तेवढं होत नाही, आणि रोज थोडं थोडं टाकत गेलं तर आणखीच कमी. त्यामुळे आपल्या घरच्या खतात बिया मरत नाहीत सगळ्या. माझ्या प्रत्येक कुंडीत टमाट्याची रोपं आपोआप येतात, गुलाबात टमाटे, तुळशीत टमाटे, एकदा डांगराचा वेल आला तो थेट गच्चीवर गेला. मी उपटत नाही, दोन-तीन ठेवते.

चुका पुढे पण झाल्या. शेजारच्या बंगल्यात लॉन कापलं, त्यांनी दोन पोती हिरवं गवत दिलं, मी हावरटासारखं एकाच दिवशी सगळं ड्रममध्ये भरलं. दुसऱ्या दिवशी ड्रम असा तापला की जवळ जाववेना आणि डोळ्यांत झोंबणारा वास, स्टेशनच्या मुतारीसारखा. तो अमोनिया, म्हणजे नत्र उडून चाललेलं, जे आपल्याला झाडांसाठी हवंय तेच. सगळं बाहेर काढून पाल्यात मिसळलं, दोन दिवसांत वास गेला. तेव्हापासून मी वासावरून ओळखते, नासका वास म्हणजे पाणी जास्त हवा कमी, झोंबणारा म्हणजे हिरवं जास्त सुकं कमी, आणि दोन्हीचं औषध एकच, पाला टाका आणि पलटा. आणि मे महिन्यात मुंग्या लागल्या तर समजायचं सुकलंय. ४२-४३ डिग्रीत ड्रमच्या कडा कोरड्या ठणठणीत होतात, मधलं ओलं असतं पण कडेचं तसंच राहतं. मूठभर घेऊन घट्ट दाबायचं, हाताला ओल लागली पाहिजे आणि एखाद-दुसरा थेंब, धार नको.

आळ्यांचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात येतातच. जाड, करड्या, चपट्या. मी पहिल्या वर्षी मीठ टाकून मारल्या, ते अगदी चुकीचं, मीठ खतात नकोच. त्या काळ्या सैनिक माशीच्या आळ्या असतात, ती माशी आपल्या घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही, मोठी झाल्यावर ती जवळजवळ काही खातच नाही. आणि आळ्या इतक्या झपाट्याने कचरा संपवतात की रात्री टाकलेली पपईची सालं सकाळी दिसत नाहीत. किळस वाटते, वाटणारच, माझी मुलगी अजून जुलै-ऑगस्टमध्ये ड्रमजवळ येत नाही. वर पाल्याचा चार बोटं थर ठेवला की दिसत नाहीत. ज्या बाहेर पडतात त्या साळुंक्या उचलतात, सकाळी सात वाजता भिंतीवर रांग लावून बसलेल्या असतात त्या.

आईंचा आणि माझा एक वाद झाला, तो लिहिते कारण मला वाटतं पुष्कळ घरांत होत असेल. निर्माल्य. आमच्याकडे गौरी-गणपती, हरतालिकेची पत्री, नवरात्र, आणि रोजची देवपूजा वेगळी. फुलं किती निघतात. पूर्वी ते सगळं पिशवीत भरून नदीत सोडायचे, नंतर ते बंद झालं, निर्माल्याची वेगळी गाडी यायला लागली सणाला, पण रोजच्याचं काय. मी सरळ ड्रममध्ये टाकलं. आईंनी बघितलं आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, देवावरची फुलं तू कांद्याच्या सालीत आणि खरकट्यात टाकलीस. मला आधी राग आला, मग विचार केला तर त्यांचं म्हणणं मला कळलं. त्या फुलं कुजायला नाही म्हणत नव्हत्या, खरकट्यात नको म्हणत होत्या. तर किटमधली ती तीन मडकी पडून होती, ती निर्माल्याला ठेवली. त्यात फक्त फुलं, दूर्वा, पत्री, बेल, आणि वर पाला आणि ताक. तो विभाग आता पूर्ण आईंचा. दोरे, सुतळी, ती चमकीची जरी, गजऱ्यातली तार, सगळं त्या बसून काढतात, ओटल्यावर, चष्मा लावून. झेंडू फार लवकर कुजतो, महिन्या-दीड महिन्यात काळा भुगा. दूर्वांना वेळ लागतो. बेलाची पानं आणखी चिवट. ते खत फक्त तुळशीला, जास्वंदीला आणि पारिजातकाला जातं, दुसऱ्या कशाला मी पण घालत नाही. म्हणजे देवाचं फूल परत देवाकडे. आईंनी बायकांच्या भिशीत हे सांगितलं तेव्हापासून रामबागेतल्या दोन घरांत पण मडकी आलीत.

घाई पण करून बघितली. सहा आठवड्यांत ड्रममधलं काळं दिसायला लागलं म्हणून मी चाळून टमाट्याच्या वाफ्यात घातलं, आणि आठवड्यात पानं पिवळी. कच्चं खत झाडाला देत नाही, उलट घेतं, कारण त्यातले जिवाणू अजून कामात असतात आणि त्यांना लागणारं नत्र ते मातीतून ओढतात. काकांनी मग परीक्षा शिकवली. एक वाटी खत, एक वाटी साधी माती, दोन्हीत वीस-वीस दाणे मेथी. मातीत अठरा उगवले, माझ्या खतात नऊ, आणि तेही वाकडे. तेच खत महिनाभर पोत्यात सावलीत ठेवलं, पोत्याचं तोंड उघडं, परत मेथी लावली तर सतरा. आता प्रत्येक ड्रमला मी मेथी लावूनच विचारते. दुसरी परीक्षा म्हणजे थोडं खत ओलं करून पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून तीन दिवस ठेवायचं, उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर तयार, आंबूस आला तर थांबायचं.

चार माणसांचं घर आमचं, मी एक आठवडा वजन केलं होतं, रोज आठशे ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत ओला कचरा निघतो. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस होतो तेव्हा जास्त, पण कणसाची बोंडं मी वेगळी वाळवते, ती बुडाशी घालायला छान. एक ड्रम भरायला अडीच महिने लागतात, कारण भरत जातो तसा खाली बसत जातो, कधी कधी वाटतं हा भरणारच नाही. मग तो झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू. झाकलेला पंधरा दिवसांनी एकदा, मग महिन्याने एकदा ताडपत्रीवर पूर्ण ओतून परत भरायचा, हे काम ह्यांचं, रविवारी पोहे-जिलबी झाल्यावर. दोन-अडीच महिन्यांनी चाळणी, ती रेती चाळायची बांधकामवाल्यांची असते ना ती. खाली पडेल ते खत, वर राहील ते पुढच्या ड्रमच्या बुडाला. एका ड्रमचं चाळून पाच तगाऱ्या खत मिळतं. एवढ्या कचऱ्याचे पाचच, असं पहिल्यांदा वाटलं, पण बाकीचं सगळं वाफ आणि हवा होऊन गेलेलं असतं.

कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत घालते, वाफ्यात पेरणीआधी दोन बोटं थर देऊन खुरप्याने मिसळते. नुसत्या खतात लावू नका, मी गुलाब लावला होता, पाणी धरून ठेवतं ते फार. पहिल्या वर्षी मातीत काही फरक कळला नाही. दुसऱ्या वर्षी गांडुळं आली, मी एक पण सोडलं नव्हतं, आपोआप आली. तिसऱ्या उन्हाळ्यात भेगा पडल्या पण बारीक, केसासारख्या, आणि गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा बघितलं की पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात वाफ्यावरचं पाणी आत मुरलं. मी छत्री घेऊन तिथेच उभी होते. माती हातात घेतली तर चिकटली नाही, रव्याच्या लाडवासारखी मोडली. आईंची मेथी, गिलकी, चार प्रकारची वांगी, मिरच्या, सगळं येतं. मावा येतो, पांढरी माशी येते, त्याला निंबोळीचं पाणी. औषध घरात नाही.

भाभींना अजून हे पटलेलं नाही, त्यांचा कचरा गाडीतच जातो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. त्यांच्या आंब्याचा पाला मात्र त्या माझ्याकडे टाकतात.

पाल्याचंच खरं सगळं आहे. लोक मला विचारतात कोणतं कल्चर, कोणता ड्रम, किती भोकं, आणि मी विचारते पाला किती साठवलाय. कारण कचरा बारा महिने निघतो पण पाला पडतो फेब्रुवारी ते एप्रिल, आणि पावसाळ्यात, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा एक सुकं पान मिळत नाही. माझी पहिली बादली जूनमध्ये म्हणूनच गेली. आम्हाला वर्षाला चौदा पोती लागतात, गव्हाचं पन्नास किलोवालं पोतं, पायाने तुडवून भरलेलं. गल्लीतली मुलं येतात तुडवायला, पोत्यात उभं राहून नाचतात, पऱ्हाट्यांवरून बैलगाडी गेल्यासारखंच आहे ते. कडुनिंबाचा पाला सगळ्यात उत्तम, बारीक असतो, लवकर विरघळतो. पिंपळाचा चांगला पण शिरा राहतात जाळीसारख्या. आंब्याचा आणि त्या उंच अशोकाचा मेणासारखा, तो कुटल्याशिवाय घालूच नये. बांबूचा कधीच संपत नाही. झाडूवाल्या दीदींना मी सांगून ठेवलंय, त्या कोपऱ्यावरच्या झाडाचा पाला वेगळा करून ठेवतात, तरी पोत्यात पन्नी, गुटख्याची पाकिटं निघतातच, ती हाताने निवडायची.

ह्या वर्षी आत्तापर्यंत अकरा झालीत. पानगळ अजून आठ-दहा दिवस आहे, कोपऱ्यावरच्या निंबावर वरच्या फांद्यांचा पाला अजून पिवळा लटकतोय आणि दुपारी वारं सुटलं की गल्लीभर पडतो. पाऊस पडायच्या आत तो उचलायला हवा, ओला झाला की पोत्यातच बुरशी धरतो. उद्या सकाळी ह्यांना पण घेऊन जाणार आहे, दोघं असलो की तासाभरात दोन पोती होतात.